रिपोर्टमधला सीईए आणि आयुष्याचा अंदाज



आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की घरातली माणसं पहिला प्रश्न एकच विचारतात, "सिस्टर, माणूस वाचेल ना?" वॉर्डात ड्युटी करताना हा प्रश्न आम्हाला रोज ऐकू यायचा. आता वस्त्यांमधून फिरतानाही तोच प्रश्न येतो. रिपोर्टमध्ये सीईए, एमएलएच-१, पी-५३ अशी नावं आणि त्यांच्यापुढे आकडे असतात. शेजारचा कुणी मोबाईलवर शोधतो आणि सांगून मोकळा होतो, "सीईए चाळीस आहे, आता काही खरं नाही." एवढ्या एका वाक्यावर लोकांनी उपचार सोडलेले आम्ही पाहिले आहेत. याच्या उलटही घडतं. संडासवाटे रक्त पडत असतं, पण "सीईए नॉर्मल आला, म्हणजे कॅन्सर नाही" असं समजून माणूस सहा-सहा महिने घरी बसतो.

दोन्ही वेळा आकडा खरा होता. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला. म्हणून या वेळच्या धड्यात आपण ही नावं समजून घेऊ. गाठीतली कोणती प्रोटीन तपासतात, त्यावरून रुग्णाच्या आयुष्याचा अंदाज किती बांधता येतो, कोणती तपासणी मागून घ्यायची आणि कोणत्या तपासणीवर पैसे घालवायचे नाहीत, हे पाहू.

आधी आजाराची ओळख

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं आणि त्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मांसाचा छोटा कोंब येतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काही मात्र बरीच वर्षं हळूहळू वाढून कॅन्सर होतात. पॉलिप असतानाच दुर्बिणीतून तो काढून टाकला तर पुढचा कॅन्सर टळतो. या आजाराची ही मोठी जमेची बाजू आहे.

लक्षणं अशी: संडासवाटे रक्त किंवा चिकट आव पडणं, संडासच्या सवयीत अचानक बदल होऊन तो काही आठवडे टिकणं, पोट साफ न झाल्यासारखं वाटत राहणं, पोटात कळ, कारण नसताना वजन उतरणं, थकवा आणि रक्त कमी होणं. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारण न कळता कमी आलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. आतड्यातून गुपचूप रक्त जात आहे का, हे डॉक्टरांना तपासायला सांगा.

हा म्हातारपणाचा आजार आहे असं समजू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सुमारे ८०० रुग्णांचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. त्यातल्या रुग्णांचं सरासरी वय ४७ वर्षांच्या आसपास होतं आणि निम्म्याहून अधिक रुग्णांची तक्रार संडासवाटे रक्त जाण्याची होती. आपल्याकडे हे रक्त पडताच "मूळव्याध असेल" म्हणतात आणि कुठल्या तरी जाहिरातीतलं चूर्ण सुरू होतं. सार्वजनिक संडासात उजेड नसतो, बाहेर रांग लागलेली असते, रक्त दिसलं तरी सांगायची लाज वाटते. बायका तर हे घरातसुद्धा बोलत नाहीत. मूळव्याध असू शकते, पण ती डॉक्टरांनी बोटाने आणि दुर्बिणीने तपासून सांगायची गोष्ट आहे.

आयुष्याचा अंदाज सर्वांत जास्त कशावरून येतो

प्रोटीनकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून ठेवा. आतड्याच्या कॅन्सरमध्ये पुढचा अंदाज सर्वांत जास्त स्टेजवरून बांधला जातो. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, जवळच्या लसिका गाठींमध्ये पोचली का, आणि यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पसरली का, या तीन गोष्टींवर स्टेज ठरते.

अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींप्रमाणे आजार आतड्यापुरताच असताना सापडला तर १०० पैकी सुमारे ९० रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. जवळच्या गाठींपर्यंत पोचल्यावर सापडला तर ७० हून थोडे अधिक. लांबच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर सुमारे १५. ही तिथली आकडेवारी आहे, आपल्याकडच्या सरकारी दवाखान्याची नाही. पण लवकर आणि उशिरा यांतला फरक त्यातून स्पष्ट दिसतो.

स्टेज बरोबर ठरण्यासाठी ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यातल्या किमान १२ लसिका गाठी तपासलेल्या असाव्यात, असा जगभर नियम आहे. ऑपरेशननंतरच्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये हा आकडा लिहिलेला असतो. तीन-चार गाठीच तपासल्या असतील तर "गाठींमध्ये कॅन्सर नाही" या वाक्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये हा आकडा शोधा. दिसला नाही तर डॉक्टरांना विचारा.

प्रोटीनच्या तपासण्या या स्टेजला जोड म्हणून असतात. एकाच स्टेजच्या दोन रुग्णांमध्ये कुणाचा आजार परत उलटण्याची शक्यता अधिक आहे आणि कुणाला कोणतं औषध लागू पडेल, हे समजायला त्यांची मदत होते.

गाठीतलं प्रोटीन म्हणजे काय

प्रोटीन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. इथे तो अर्थ नाही. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी स्वतःच्या कामासाठी हजारो प्रकारची प्रोटीन तयार करते. पेशी कॅन्सरची झाली की त्यातली काही प्रोटीन जास्त बनतात, काही बिघडतात आणि काही बनायचीच थांबतात. डॉक्टर हाच बदल रक्तात किंवा काढलेल्या तुकड्यात शोधतात. अशा प्रोटीनला ट्यूमर मार्कर म्हणतात.

"मार्कर वाढलाय, डाळ-अंडी बंद करा" असा सल्ला वस्तीत फिरताना आमच्या कानावर येतो. तो साफ चुकीचा आहे. खाण्यातल्या डाळीचा आणि या आकड्याचा काहीही संबंध नाही. कॅन्सरच्या रुग्णाला उलट डाळ, अंडी, मासे, दूध जास्त लागतं. खाणं तोडलं तर अंगातली ताकद जाते आणि केमो झेपत नाही.

सीईए: रक्तातला मार्कर

१९६५ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथे फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन या दोन संशोधकांनी आतड्याच्या गाठीत एक प्रोटीन शोधलं. तेच प्रोटीन आईच्या पोटातल्या गर्भाच्या आतड्यातही सापडलं. म्हणून त्याचं नाव कार्सिनो-एम्ब्रायॉनिक अँटिजेन, थोडक्यात सीईए, असं पडलं. त्यातल्या 'एम्ब्रायो'चा अर्थ गर्भ.

निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यातही थोडं सीईए बनतं. ते अस्तराच्या आतल्या बाजूने सुटतं आणि संडासवाटे निघून जातं. कॅन्सरच्या पेशींची रचना विस्कटलेली असते. त्यामुळे सीईए आतड्यात न सुटता रक्तात उतरतं. रक्तातलं सीईए साफ करायचं काम यकृत करतं. रक्तात त्याचं प्रमाण मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपर्यंत असेल तर बहुतेक लॅब ते नॉर्मल धरतात.

आता या आकड्याच्या मर्यादा पाहा.

पहिली मर्यादा: कॅन्सर नसतानाही सीईए वाढतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं ते थोडं जास्तच असतं. यकृताचे आजार, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची जुनी सूज यांतही वाढतं. फुप्फुस, जठर आणि स्तनाच्या कॅन्सरमध्येही वाढू शकतं.

दुसरी मर्यादा: कॅन्सर असतानाही सीईए नॉर्मल असू शकतं. सुरुवातीच्या स्टेजला तर बहुतेकांचं नॉर्मलच येतं. काही गाठी हे प्रोटीन फारसं सोडतच नाहीत.

म्हणूनच धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला सीईए वापरू नये, असं जगातल्या प्रमुख कॅन्सर संस्था सांगतात. तरीही "फुल बॉडी चेकअप"च्या पॅकेजमध्ये ही तपासणी घातलेली दिसते. वस्तीत शिबिर लावून "कॅन्सरची रक्ततपासणी" म्हणून तिचे पैसे घेतले जात असतील तर देऊ नका. रक्त पडत असेल तर दुर्बीण तपासणी करा. सीईए दुर्बिणीची जागा घेऊ शकत नाही.

मग सीईए कामाचं कुठे? कॅन्सर पक्का झाल्यावर. तिथे त्याची तीन कामं आहेत.

ऑपरेशनच्या आधी: उपचार सुरू होण्यापूर्वी सीईए करून घ्यावं. तो पहिला आकडा पुढच्या सगळ्या आकड्यांशी ताडून पाहायला लागतो. एकाच स्टेजच्या रुग्णांमध्ये ज्यांचं सीईए आधीच वाढलेलं असतं, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. अशा रुग्णांवर पुढे अधिक लक्ष ठेवावं लागतं.

ऑपरेशननंतर: गाठ पूर्ण निघाली असेल तर वाढलेलं सीईए साधारण चार ते सहा आठवड्यांत नॉर्मलवर येतं. आलं नाही तर आजार कुठेतरी शिल्लक आहे का, हे डॉक्टर शोधतात.

पुढची पाच वर्षं: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी सीईए करायचं असतं. सोबत डॉक्टर सांगतील तसं सीटी स्कॅन आणि दुर्बीण. आपली बहुतेक माणसं नेमकी इथेच गळतात. केमो संपते, तब्येत सुधारते, माणूस कामावर जायला लागतो. मग "आता बरं आहे, कशाला रोजगार बुडवायचा" म्हणून तारीख चुकते.

ब्रिटनमध्ये १,२०२ रुग्णांवर या पाठपुराव्याचा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची नियमित तपासणी ठेवली नाही, लक्षणं दिसल्यावरच पाहिलं, त्यांच्यात आजार परत आल्यावर बरं करण्याच्या उद्देशाने ऑपरेशन करता आलं ते १०० मागे सुमारे २ जणांवर. नियमित सीईए केलेल्यांमध्ये हे प्रमाण १०० मागे सुमारे ७ होतं. एकूण मृत्यूंमध्ये मात्र त्या अभ्यासात ठळक फरक दिसला नाही, हेही आम्ही सांगून ठेवतो. पाठपुराव्याने सगळेच वाचतात असं नाही. पण यकृतात एखादीच लहान गाठ असताना ती सापडली तर ऑपरेशनची संधी मिळते आणि अशा काही रुग्णांचा आजार कायमचा जातो.

सीईएचा आकडा एकदा वाढला म्हणून घाबरायचं नाही. तपासणी पुन्हा करायची. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करायची, कारण वेगवेगळ्या लॅबच्या पद्धतींमुळे आकडे थोडे वेगळे येतात. केमो चालू असताना सीईए काही काळ वर जाऊन परत खाली येऊ शकतं. विडी ओढत असाल तर डॉक्टरांना ते सांगा आणि अर्थातच सोडा. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चालला आहे, याकडे डॉक्टरांचं लक्ष असतं.

चार प्रूफरीडर

दुसरी तपासणी रक्ताची नाही, काढलेल्या तुकड्याची आहे. ती आपल्या लोकांना फारशी माहीत नसते, पण हल्ली तिचं महत्त्व खूप वाढलं आहे.

आपलं मासिक छापण्याआधी कुणीतरी प्रूफ वाचतं. चुकलेली अक्षरं दुरुस्त करतं. पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होताना तिच्यातल्या डीएनएच्या मजकुराची नक्कल होते. त्या नकलेत चुका राहतात. त्या शोधून दुरुस्त करणारी प्रोटीन पेशीतच असतात. त्यांतली चार महत्त्वाची म्हणजे एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. या चौघांना मिळून एमएमआर प्रोटीन म्हणतात.

आतड्याच्या सुमारे १०० गाठींपैकी १५ गाठींमध्ये यांतलं एखादं किंवा दोन प्रोटीन गायब असतात. मग चुका दुरुस्त होत नाहीत आणि त्यांचा ढीग साचतो. ऐकायला हे वाईट वाटतं. पण या ढिगामुळेच आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा त्या पेशींना परक्या म्हणून ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. म्हणून दुसऱ्या स्टेजच्या रुग्णामध्ये एमएमआर प्रोटीन गायब असेल तर पुढचा अंदाज सहसा चांगला असतो.

उपचारही त्यावरून बदलतात. अशा दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांना एकट्या फाइव्ह-एफयू या केमोचा फायदा होत नाही असं अभ्यासांतून दिसलं आहे. त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर केमोची गरजच पडत नाही. एका तपासणीमुळे सहा महिन्यांचा त्रास, खर्च आणि बुडणारा रोजगार वाचू शकतो.

आजार पसरलेला असताना एमएमआर गायब असेल तर इम्युनोथेरपी नावाची औषधं चांगली लागू पडतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली अशा रुग्णांना पहिला उपचार म्हणून पेम्ब्रोलिझुमॅब द्यायला मान्यता दिली. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. एमएमआर गायब असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब हे औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. ही औषधं अतिशय महाग आहेत आणि आपल्याकडे ती सगळ्यांच्या आवाक्यात नाहीत. पण मोठ्या हॉस्पिटलांमध्ये मदत निधी असतात, औषधांच्या चाचण्या चालतात, सवलतीच्या योजना असतात. तपासणीच केली नाही तर त्या दारापर्यंत पोचण्याचा प्रश्नच येत नाही.

रिपोर्ट असा वाचा. चार नावांपुढे इंग्रजीत 'रिटेन्ड' किंवा 'इन्टॅक्ट' असेल तर प्रोटीन जागेवर आहे. 'लॉस' लिहिलं असेल तर ते गायब आहे. काही ठिकाणी थोडक्यात 'पी-एमएमआर' म्हणजे जागेवर आणि 'डी-एमएमआर' म्हणजे गायब असं लिहितात. 'एमएसआय-हाय' असा शब्द असला तरी अर्थ बहुधा डी-एमएमआरसारखाच असतो.

घरातल्या इतरांसाठी इशारा

एमएमआर गायब असणं कधी कधी आनुवंशिक असतं. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. आतड्याच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ३ जणांना तो असतो.

त्याचा शोध एका कष्टकरी बाईच्या बोलण्यातून लागला, हे आपल्या बायकांना मुद्दाम सांगण्यासारखं आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे कपडे शिवणाऱ्या एका बाईने त्यांना सांगितलं की माझ्या घरात बहुतेक सगळे कॅन्सरने गेले, मीही तशीच लवकर जाणार. डॉक्टरांनी तिचं बोलणं उडवून लावलं नाही. तिच्या घराण्याची नोंद ठेवली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच वारली. नंतर डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा अभ्यास पुढे नेला आणि त्यांचं नाव या दोषाला मिळालं.

आई किंवा वडिलांना हा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. ज्यांच्यात तो आहे त्यांना साधारण २० ते २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण तपासणी सांगितली जाते. त्यात पॉलिप असतानाच काढता येतो. बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो, म्हणून पाळी सोडून किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं तर लगेच दाखवावं.

मात्र प्रत्येक 'लॉस' आनुवंशिक नसतो. विशेषतः वयस्क रुग्णात एमएलएच-१ गायब असेल तर तो बदल पुष्कळदा त्या गाठीपुरताच असतो. पुढच्या तपासण्यांवरून हे ठरतं. रिपोर्ट पाहून पोरीचं लग्न अडवणं, सुनेच्या माहेरावर खापर फोडणं असले प्रकार कृपा करून करू नका. हा दोष कुणाच्या कर्माचा नाही आणि कुणाच्या नशिबाचाही नाही.

पसरलेल्या आजारातल्या तपासण्या

चौथ्या स्टेजला तुकड्यावर आणखी काही तपासण्या करतात: केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ आणि काही वेळा एचईआर-२. पहिली तीन मुळात जनुकांची नावं आहेत. जनुक बिघडलं की त्यातून बनणारं प्रोटीनही बिघडतं आणि पेशीला "वाढ, वाढ" असा हुकूम देत राहतं.

केआरएएस किंवा एनआरएएस बिघडलेलं असेल तर सेटुक्सिमॅब आणि त्याच जातीची महागडी इंजेक्शनं उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे ही तपासणी केल्याशिवाय ते इंजेक्शन सुरू करू नये. बीआरएएफमधला व्ही-६००-ई नावाचा बिघाड असेल तर पसरलेला आजार जास्त जोराचा असतो, म्हणून डॉक्टर उपचारांची आखणी वेगळी करतात.

पी-५३ आणि बाकीची गर्दी

पी-५३ हे प्रोटीन १९७९ साली सापडलं. ते पेशीतला पहारेकरी आहे. पेशी बिघडली तर तिची वाढ थांबवणं हे त्याचं काम. आतड्याच्या निम्म्याहून अधिक कॅन्सरमध्ये हा पहारेकरीच बिघडलेला असतो. त्यामुळे "पी-५३ वरून कोण किती जगेल ते सांगता येईल" अशी शास्त्रज्ञांना मोठी आशा होती. त्यावर ढिगाने अभ्यास झाले. अशी इतरही अनेक प्रोटीन तपासून झाली.

पण निष्कर्ष जुळेनात. एका अभ्यासात पी-५३ बिघडलेले रुग्ण लवकर गेले, दुसऱ्यात काहीच फरक नव्हता. रुग्णांची संख्या थोडी, प्रत्येक लॅबची रंग देण्याची पद्धत वेगळी, किती पेशींना रंग चढला म्हणजे 'पॉझिटिव्ह' म्हणायचं याची मोजपट्टी वेगळी. शिवाय ज्यांना फरक दिसला त्यांचे निबंध छापून आले आणि ज्यांना दिसला नाही त्यांचे कपाटात राहिले. शेवटी २००५ साली अशा अभ्यासांचे निष्कर्ष कसे मांडावेत याचे नियम तयार झाले. २००६ साली अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलं की आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए वापरा, पण पी-५३ वरून निर्णय घेण्याइतका पुरावा नाही.

तेव्हा रिपोर्टमध्ये पी-५३ बद्दल काही लिहिलं असेल तर त्यावरून रडारड नको. आणि एखाद्या खासगी लॅबने "आयुष्याचा अंदाज सांगणारी" लांबलचक यादी पुढे केली तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "या तपासणीच्या निकालावरून उपचारात काय बदल होणार आहे?" उत्तर "काही नाही" असेल तर ते पैसे औषधाला आणि खाण्याला ठेवा.

टक्केवारी म्हणजे कुंडली नव्हे

"पाच वर्षांचं सर्व्हायव्हल ७० टक्के" याचा अर्थ रुग्ण पाचच वर्षं जगेल असा नाही. अशा १०० रुग्णांपैकी ७० जण पाच वर्षांनंतर हयात होते, एवढाच त्याचा अर्थ. त्यातले पुष्कळ पुढे कितीतरी वर्षं जगतात. तुमचा माणूस सत्तरात असेल की तिसात, हे तो आकडा सांगत नाही.

'मध्यक आयुष्य आठ महिने' असं लिहिलेलं असेल तर निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले आणि निम्मे त्याहून जास्त जगले. जास्त म्हणजे किती, यालाही मर्यादा सांगितलेली नसते. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८२ साली पोटातला एक दुर्मिळ कॅन्सर झाला. तो आतड्याचा नव्हता, पण हिशोब समजायला त्यांचं उदाहरण उपयोगी आहे. पुस्तकात त्या आजाराचं मध्यक आयुष्य आठ महिने दिलेलं होतं. ते त्यानंतर वीस वर्षं जगले आणि २००२ साली वेगळ्या कॅन्सरने वारले. सगळ्यांचं असं होत नाही. पण आठ महिने हा आकडा त्यांची तारीख नव्हती.

आपण कुंडली मानत नाही. मग रिपोर्टच्या आकड्याची कुंडली करायची नाही. आकडा डॉक्टरांना उपचार ठरवायला मदत करतो. आपल्याला तो तयारी करायला मदत करतो. आजार फार पुढे गेला असेल आणि बरा होणार नसेल, तरी दुखणं कमी करणारे उपचार असतात. ते मागणं म्हणजे हार मानणं नाही.

पैसे आणि हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसतं. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. एमएमआरची तपासणी पॅकेजमध्ये येते का, नसेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून होईल का, हे त्यांनाच विचारा.

मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांमध्ये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्यायचं बंधन आहे. त्यासाठी रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला आजारपण येण्याआधी काढून ठेवलात तर धावपळ वाचते.

आपले कागद मागणं हा आपला हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याच्या नोंदी मिळायला हव्यात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर काचेच्या स्लाइड आणि मेणातला तुकडा, ज्याला 'ब्लॉक' म्हणतात, तेही मागा. त्या ब्लॉकवर एमएमआरची तपासणी नंतरही करता येते. त्यासाठी बहुधा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे कागदावर लिहून न्या. घाईच्या ओपीडीत तोंडी आठवत नाही. सोबत एक समजदार माणूस असू द्या.

१. आजार कितव्या स्टेजला आहे? किती लसिका गाठी तपासल्या आणि किती गाठींमध्ये कॅन्सर सापडला?

२. उपचारांआधी सीईए केलं होतं का? किती होतं? ऑपरेशननंतर किती आहे?

३. तुकड्यावर एमएमआरची चार प्रोटीन तपासली का? निकालाने केमोचा निर्णय बदलेल का?

४. घरातल्या इतरांनी दुर्बीण तपासणी करायची का? कोणत्या वयापासून?

५. पुढचं सीईए, सीटी स्कॅन आणि दुर्बीण कोणत्या महिन्यात?

सीईएचे आकडे तारखेसह एकाच वहीत, एकाखाली एक लिहा. पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तुमच्या महिला मंडळात किंवा बचत गटात कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याची तारीखही लिहून घ्या. त्या दिवशी सोबत कोण जाणार आणि गाडीभाडं कसं जमवायचं, हे आठ दिवस आधी ठरवा. केमो संपून दोन वर्षं झालेला आणि तब्येत ठणठणीत असलेला रुग्णच तारीख सगळ्यात जास्त चुकवतो. त्याच्या दारावर आधी थाप मारा.